पाटे गावाचे, वायरी आबांच्या

नंदुरबार जिल्ह्यात बर्फ दोनच ठिकाणी सापडतो. एक रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेला. दुसरा अक्कलकुवा तालुक्यात डाब-वालंब्याच्या बाजूला, थंडीत एखाद्या पहाटे, गवतावर गोठलेल्या दवाच्या रूपात. हा दुसरा पडला की पेपरात फोटो येतो. तो पाहून शहाद्याची हौशी माणसं स्वेटर, मफलर, चिवडा असा बंदोबस्त करून डाबला निघतात आणि ऊन वर आल्यावर पोचतात. तोवर बर्फाचं पाणी आणि पाण्याची वाफ झालेली असते. मग ओल्या गवताचा फोटो काढून, त्याखाली ‘आमचं काश्मीर’ असं लिहून मंडळी जेवायला परत येतात.

अशा जिल्ह्यात स्नोमोबाईलचा विषय काढणं म्हणजे मे महिन्यात शेकोटी पेटवणं. पुढे घसरायला दोन पट्ट्या, मागे दात असलेला रुंद रबरी पट्टा, मध्ये इंजिन आणि वर माणूस, असं हे वाहन. आपल्याकडे ते बघायचं तर गुलमर्गसारख्या ठिकाणी जावं लागतं. तिथे भाडं ठरवून बसवतात, आणि उतरल्यावर गाडीवाला कोणालाही न विचारता दुप्पट भाडं सांगतो.

पण या गाडीचा जन्म कुठे झाला हे कळलं तेव्हा मला ती एकदम खानदेशातली वाटायला लागली. कॅनडात क्यूबेक प्रांतात वालकूर नावाचं गाव आहे. तिथल्या जोसेफ-आर्माँ बोंबार्दिएचा जन्म 1907 सालचा. पोराला यंत्रं उघडायची खोड. वडिलांनी फोर्ड मॉडेल टीचं एक मोडकं इंजिन त्याच्या हवाली केलं, हेतू हा की पोरगं गप्प बसेल. पोरगं गप्प बसलं ते वर्कशॉपात. 1922 सालच्या शेवटच्या दिवशी पंधरा वर्षांच्या या मुलाने भावाला पुढे सुकाणूवर बसवलं आणि मागे विमानाचा असतो तसा पंखा गरगरवत एक घसरगाडी गावातून काढली. वडिलांनी तो उघडा पंखा पाहिला आणि गाडी तिथल्या तिथे मोडायला लावली.

इथपर्यंतची गोष्ट आमच्याकडे घरोघरी घडलेली आहे. पुढची घडत नाही. पुढे या बोंबार्दिएने 1937 च्या सुमारास पट्ट्यावर चालणारी सात माणसांची बर्फगाडी विकायला काढली आणि 1959 साली दोघांची छोटी ‘स्की-डू’. या दोन्हींच्या आधी, 1934 च्या हिवाळ्यात, रस्ते बर्फाने बंद म्हणून त्याच्या लहानग्या मुलाला दवाखान्यात नेता आलं नाही आणि ते मूल गेलं. पावसाळ्यात सातपुड्याच्या पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून डांबरापर्यंत आणताना ज्यांनी पाहिलंय त्यांना बर्फ न बघताही हा हिवाळा कळतो. वाट नसलेल्या मुलखासाठी गाडी करायची असेल तर ती कंपनीत नाही, कोणाच्या तरी शेडातच सुरू होते.

आमच्या घराण्यात ते शेड आबांचं आहे.

आबा म्हणजे माझे काका. पण गावात लहानथोर सगळे त्यांना आबाच म्हणतात. शहादा तालुक्यात केळी, पपई आणि कापूस यांच्या मधोमध त्यांचं घर, घराच्या मागे गोठा. गुरं कमी झाली तशी जागा रिकामी व्हायला लागली, आणि जितकी गुरं गेली तितकी अवजारं आत आली. आता तिथे एक म्हैस आणि एक जीप आहे. म्हैस जीपकडे ज्या नजरेने बघते त्यावरून पुढचा नंबर आपला, हे तिला कळलेलं दिसतं.

जीप जुनी, लांब पाठीची, डिझेल, वर ताडपत्री. महिंद्राने विलीज जीप भारतात जुळवायला सुरुवात केली 1947 साली. आबांची गाडी तेव्हाची नाही, पण ते तिच्याविषयी बोलतात तेव्हा स्वातंत्र्यलढ्यात तिचा सहभाग होता असा समज होतो. नंबरप्लेटवर एमएच 18. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला, त्याला एमएच 39 मिळाला, पण आबांच्या जीपने धुळ्याचं नागरिकत्व सोडलेलं नाही. दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यायची वेळ आली की ती आठवडाभर शहाण्यासारखी वागते, पास होते, आणि परत येताना वाटेतच सायलेन्सर सोडते.

ज्याला ही जीप कशाला हवी असा प्रश्न पडतो त्याने एकदा आमच्याकडचे रस्ते चालवून बघावेत. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्ता सपाटीवरचा. इथे गाडीचे सांधे तपासले जातात. अक्कलकुव्याहून मोलगीला चढणारा देवगोई घाट ब्रेक तपासतो. तळोद्याहून धडगावला नेणारा चांदसैलीचा घाट, पावसाळ्यात दरड खाली आली की, ड्रायव्हरचा स्वभाव तपासतो. आणि तोरणमाळला जाताना सात पायरीचा घाट लागतो, तिथे मागे बसलेले लोक देव तपासतात. या सगळ्यांना पुरून उरेल अशी गाडी कुठलीच कंपनी बनवत नाही. कंपनी कच्चा माल देते. गाडी आपल्यालाच करावी लागते.

मी आबांचं काम वर्षानुवर्षं बघत आलोय आणि माझ्या लक्षात असं आलंय की त्यांचं सगळं सुधारकार्य दोनच खात्यांत मोडतं: पाटे आणि वायरिंग. इंजिनाला ते हात लावत नाहीत. इंजिन चालतं, आणि चालणाऱ्या वस्तूत त्यांना रस नाही.

आधी पाटे. शहरातल्या गाड्यांत काय असतं ते आता कोणाला दिसत नाही, सगळं प्लॅस्टिकखाली. जीपचं सगळं उघड्यावर. धुऱ्यावर दोन्हीकडे पोलादी पट्ट्यांची चळत. सगळ्यात वर, सगळ्यात लांब तो मेन पाटा, त्याच्या दोन टोकांना वळवून डोळे केलेले. त्याखाली एकेक आखूड होत गेलेले बाकीचे. मधून सेंटर बोल्ट आरपार, आणि यू-बोल्टांनी सगळी चळत धुऱ्याला आवळलेली. खड्डा आला की पाटे वाकतात, वाकताना एकमेकांवर सरकतात, त्या घासण्यातच निम्मा धक्का मरतो. वाकल्यावर पाट्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर वाढतं, म्हणून एका टोकाला झुलणारा शॅकल. जुन्या स्नोमोबाईलच्या पुढच्या पट्ट्यांवरही असेच पाटे होते हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग दुसरं काय असणार?” जगात दुसरा काही मार्ग असू शकतो ही शंका त्यांना आलेली नाही.

वर्षानुवर्षं पपईचे क्रेट वाहून आबांच्या जीपचे मागचे पाटे बसले. बसले म्हणजे कमान गेली, सरळ झाले. यावर दोन उपाय असतात. एक, कमान काढणाऱ्याकडे नेऊन ठोकून घ्यायचे. दुसरा, पाटा वाढवायचा. आबांनी तिसरा काढला. दोन्ही बाजूंचा एकेक मूळ पाटा काढून त्याजागी भंगारातून आणलेला ट्रकचा पाटा घातला.

ट्रकचा पाटा जाड असतो. पाट्याची जाडी दुप्पट केली की ताठरपणा आठपट होतो. हा घनाचा हिशोब इंजिनिअरिंगच्या पुस्तकात आहे. शेजारच्या तात्यांनी ते पुस्तक वाचलेलं नाही. त्यांना तो हिशोब शेडाच्या दारातल्या उंबरठ्यावरच समजला, कारण चाचणीसाठी मागे बसलेले ते एकटेच होते आणि गाडी उंबरठ्यावरून उतरली तेव्हा ते बसलेले नव्हते. ते हवेत होते. खाली आल्यावर त्यांनी टोपी शोधली, ती ताडपत्रीच्या पाइपाला अडकली होती.

“थोडी कडक झाली,” आबा म्हणाले.

इथून पुढे जे घडलं त्याला मी सामाजिक क्रांती म्हणतो. रिकामी असताना ही जीप बसू देत नाही. दोघांत ती आपटते, सहा जणांत कुरकुरते, दहा जणांत नीट बोलते आणि त्याहून जास्त झाले की मखमलीची होते. गाडीच्या पुस्तकात किती माणसांची परवानगी आहे ते आबांना तोंडपाठ आहे, पाट्यांना माहीत नाही. त्यामुळे आबांना कुठेही जायचं तर आधी माणसं गोळा करावी लागतात. पूर्वी ते रस्त्यात हात दाखवणाऱ्याला बघून न बघितल्यासारखं करत. आता हात न दाखवणाऱ्यालाही थांबवतात. “कुठे चालला रे भो? बस ना.” तो बिचारा घरासमोर तांब्या घेऊन उभा असतो.

काकूंचं माहेर प्रकाशाचं. तापीकाठी केदारेश्वराचं देऊळ आहे तिथलं. पाटे बदलल्यानंतर पहिल्यांदा त्या माहेरी निघाल्या तेव्हा गाडीत तात्या, तात्यांचे जावई, दोन शाळकरी पोरं, एक कंडक्टरची ड्यूटी संपवून घरी निघालेला गृहस्थ, गव्हाचं पोतं आणि ज्याच्याविषयी प्रत्येकाला तो दुसऱ्याच्या ओळखीचा वाटत होता असा एक माणूस. काकू म्हणाल्या, “मी माहेरी चाललेय का वरातीला?” पण प्रवास छान झाला हे त्यांनीही कबूल केलं. त्या एका माणसाला प्रकाशाला उतरवून चहा पाजला. तो कोण होता ते अजून कळलेलं नाही. चांगला वजनदार होता, आबा त्याची आठवण काढतात.

म्हणून म्हणतो, पाटे माणूस स्वतःसाठी बदलत नाही. ड्रायव्हरची गादी तशीही दोन धुऱ्यांच्या मध्ये, तिथे झटका कमी. पाट्यांचं सुखदुःख मागच्यांचं. बायको, शेजारी, क्रेट, वऱ्हाड. पाट्यांचं काम सगळ्या गावाचं असतं, आणि गावाचं आहे म्हणून ते होतं तसं पक्कं होतं. चार माणसं जॅक धरतात, पाचवा दगड लावतो, सहावा चुकीच्या बाजूने बोल्ट फिरवतो आणि बाकीचे त्याला सांगतात.

काढलेल्या जुन्या पाट्यांचं काय झालं हे आता सांगून टाकतो. पाट्याचं पोलाद कसदार. लोहार त्याला भट्टीत लाल करून ठोकतो, पाणी पाजतो, आणि त्यातून निघालेला विळा किंवा कोयता बाजारातल्या आयत्या मालाला हसतो. सातपुड्यात फिरलात तर कमरेला खोचलेल्या कित्येक कोयत्यांचा मागचा जन्म कुठल्यातरी मालट्रकखाली गेलेला असतो. आबांच्या शेडाबाहेर ते दोन पाटे टेकवून ठेवले होते, तर दुपारपर्यंत तीन जणांनी हक्क सांगितला. एकाला कुऱ्हाड हवी होती. दुसऱ्याला ऊस तोडायचे कोयते. काकू काहीच बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात गेल्या, आपली बोथट विळी आणली, आबांच्या समोर ठेवली आणि परत गेल्या. इतकं पुरलं.

आता वायरिंग.

पाट्यांच्या कामाला गर्दी जमते तशी वायरिंगलाही जमते, पण इथे कोणी हात लावत नाही. सगळे बोलतात. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले एक नाना आहेत. त्यांच्या मते एसटीच्या बाहेर वायरिंगच नाही, नुसत्या वायरी आहेत. वीज मंडळातून निवृत्त झालेले एक वायरमनदादा आहेत. चारशे चाळीसमध्ये आयुष्य काढलेला हा माणूस बारा व्होल्टला करंट मानत नाही. जीपची उघडी वायर ते दोन बोटांत धरून बोलतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर तुच्छता असते. रस्त्याने जाणारा कोणीही आत डोकावून विचारतो, “आबा, हाई वायर कथा जास?” आणि आबा बोनेटमधून वर न बघता उत्तर देतात, “जठे गरज शे तठे.”

गंमत अशी की या जीपला विजेची गरजच नाही. जुनं डिझेल इंजिन. पेट्रोलच्या गाडीला ठिणगी लागते. डिझेलला दाब पुरतो. दाबाने हवा तापते, डिझेल त्यात फवारलं की पेटतं. बंद करायलासुद्धा किल्ली नाही, डॅशबोर्डखालची केबल ओढायची, डिझेल बंद. थंडीच्या दिवसांत हीटर प्लग तापवायला आणि सेल्फ मारायला बॅटरी लागते, तेवढीच. उतारावर उभी केली असेल तर तीही नको, चार माणसांचा धक्का पुरे. आणि माणसं तर पाट्यांनी गोळा करून ठेवलेलीच आहेत.

म्हणजे वायरिंगमधली जवळजवळ प्रत्येक वायर ही आबांची हौस आहे. एक आहे गाणं वाजवणाऱ्या हॉर्नची, आणि त्याचं गाणं आता तिसऱ्या सुराला अडकतं. मोबाईल चार्ज करायच्या भोकासाठी एक. डॅशबोर्डवरच्या छोट्या गणपतीमागे हिरवा दिवा आहे, तो ब्रेक दाबला की लागावा अशी योजना होती. तो डावं इंडिकेटर दिलं की लागतो. आबा म्हणतात, देव डावीकडे बघतो.

याचं कारण अर्थिंग. गाडीत प्रत्येक दिव्याला दोन वायरी देत नाहीत. एक देतात, आणि परतीचा प्रवास चेसिसच्या लोखंडातून होतो. जिथे दिवा चेसिसला आवळला तिथे गंज किंवा रंग असेल तर करंटला परत जायला वाट सापडत नाही. मग तो शेजारच्या दिव्यातून वाट काढतो. ब्रेक दाबावा तर इंडिकेटर मिणमिणतं, इंडिकेटर द्यावं तर मागचा लाल दिवा डोळे मिचकावतो. सरकारी कचेरीत कधी काम असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. उपाय सोपा: बोल्ट काढा, खालचा रंग खरवडून चकचकीत लोखंड उघडं करा, परत आवळा. आबांना हे माहीत आहे. पण आबांनी नुकताच गाडीला रंग दिलाय.

हेडलाइटची कथा याहून गुंतागुंतीची. मूळचे दिवे मंद. घाटात धुकं असलं की आबांच्या दिव्यापेक्षा समोरच्याच्या विडीचा उजेड जास्त. दिवे मंद का, तर बॅटरीपासून स्विच, स्विचपासून दिवा असा लांबचा बारीक वायरचा प्रवास; वाटेत व्होल्टेज झिजतं. शहाणा उपाय म्हणजे रिले बसवणं, म्हणजे बॅटरीतून जाड वायर थेट दिव्याला द्यायची आणि जुना स्विच नुसता हुकूम देण्यापुरता ठेवायचा. आबांनी रिले आणला. पण आणताना त्यांना दुकानात जास्त वॅटचे बल्ब दिसले. शंभर वॅटचे दोन बल्ब बारा व्होल्टवर लावले तर साडेसोळाहून जास्त अँपियर ओढतात. जुनी वायर तेवढ्यासाठी जन्मलेली नसते. बल्ब लगेच लावले. रिले खिशात राहिला, कारण तो बसवायला बोनेट परत उघडावं लागलं असतं आणि सगळ्यांना उजेड बघायची घाई होती.

उजेड पडला. समोरच्या बांधावरची केळी पांढरी दिसली. तात्या म्हणाले, “विमान उतरेल.” मग फ्यूज गेला.

फ्यूज हा सगळ्या गाडीतला एकुलता एक प्रामाणिक भाग. जास्त झालं की तो म्हणतो मला झेपत नाही, आणि जळून जातो. बाकी सगळे भाग गप्प बसून एकदम दगा देतात. अशा प्रामाणिक माणसाचं आपण काय करतो? बदली. आबांनी फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून घातली. तेव्हापासून फ्यूज जात नाही. वायरमनदादांनी एवढंच विचारलं, “आता पुढे काय जाईल?” आबांना तो प्रश्न निराशावादी वाटला.

नंतर एकदा कॅनडात राहणाऱ्या माझ्या एका चुलतभावाचा व्हिडिओ कॉल आला. तोही गॅरेजात होता, तोही गाडी उघडून बसला होता, आणि ती गाडी स्नोमोबाईल. बाहेर अजून शून्याखालचा कारभार. त्याने सगळ्यांना दाखवलं: पुढचे जुने शॉकप काढून नवे बसवतोय, त्यांना फिरवायची चकती आहे, एकेक टिकटिक करून कडक-नरम करता येतात. आमच्या सभेने ती चकती गंभीरपणे पाहिली. नाना म्हणाले, “माणसं कमी बसत असतील.” मग त्याने वायरिंग दाखवलं. प्रत्येक जोडावर गरम करून आवळलेली नळी, प्रत्येक वायरला चिठ्ठी, भिंतीवर नकाशा. आबा बराच वेळ बघत राहिले. “टेप दिसत नाही कुठे,” म्हणाले. आवाजात काळजी होती.

“आणि ही कसली वायर?” वायरमनदादांनी विचारलं.

“हँडल गरम करायची.”

शांतता पसरली. बाहेर एप्रिल होता, बेचाळीस अंश. शेडाच्या दारात तात्यांची मोटरसायकल सकाळपासून उन्हात उभी होती. तिच्या हँडलला हात लावायचा तर तात्या आधी उपरणं गुंडाळतात. तात्या उठून बाहेर गेले, हँडलकडे बघून आत आले आणि म्हणाले, “त्याला सांग, इथे फुकट होतं.”

होळीआधी जीप तयार झाली होती, हे क्रमाने सांगायचं राहिलं. एप्रिल तो त्यानंतरचा. होळीला काठीला जायचं हा आबांचा नेम. अक्कलकुवा तालुक्यात मोलगीच्या पुढे काठी हे जुन्या संस्थानाचं गाव, तिथली राजवाडी होळी. परंपरा इसवी सन 1246 पासूनची सांगतात. रात्रभर ढोल, अंगावर रंगांचे ठिपके आणि डोक्यावर मोरपिसांचे टोप घालून बावा आणि बुध्या झालेली माणसं, कमरेला घुंगरू, आणि होळी पेटते ती पहाटे, सूर्य उगवायच्या आधी. म्हणजे घाट रात्री चढायचा. म्हणजे दिवे लागणार. आबांच्या नव्या दिव्यांना याहून मोठा मान कुठला.

गाडी भरली होती, त्यामुळे पाटे खूश होते. अक्कलकुवा सुटलं, देवगोईचा चढ लागला. दिव्यांनी डोंगर उजळून निघाला. समोरून येणारा प्रत्येक जण शिव्या देत होता आणि आबा त्या कौतुक म्हणून घेत होते. अर्ध्या घाटात नाकाला गोडसर, रबरी वास आला. मागच्या सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. वायरमनदादांनी डोळे मिटून हुंगलं.

“पीव्हीसी,” ते म्हणाले.

आबांनी केबल ओढली, गाडी थांबली. दादांनी चपळाईने बॅटरीचं टर्मिनल उपटलं. बोनेटखालून एक पातळ धुराची रेघ निघाली आणि थांबली. चांदी शाबूत होती; तिने काहीच अडवलं नव्हतं, फक्त वायरींचा सगळा जुडगा आतून एकजीव झाला होता. आबांची हौस एका लगद्यात. गाणारा हॉर्न, चार्जर, गणपतीचा दिवा. त्या काळोखात आबांनी खिशात हात घातला आणि रिले बाहेर काढून बघितला. परत खिशात ठेवला.

यावर कोणी काही बोललं नाही, कारण बोलायची गरज नव्हती. डिझेल इंजिन. गरम होतं, हीटर प्लगही नको. जीप उलटी वळवून उतारावर धक्का दिला, ती धडधडत सुरू झाली, तिला परत वळवलं, आणि विजेशिवाय, हॉर्नशिवाय, देवाच्या दिव्याशिवाय, मोलगीकडे निघालेल्या दुसऱ्या एका जीपच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून आबांनी घाट चढवला. पुढे मडगार्डवर दोन पोरं मोबाईलचे टॉर्च धरून बसली होती. मागचे सगळे आळीपाळीने तोंडाने हॉर्न वाजवत होते. वळणावळणावर तात्यांचा हॉर्न सगळ्यात खरा वाटला.

काठीला होळी पाहिली. परत येताना लख्ख ऊन होतं, दिव्यांची अडचण नव्हती. मोलगीला बाजाराची माणसं चढली, भगरीची पोती चढली, आबांनी कोणालाही नाही म्हटलं नाही. गाडी इतकी मऊ चालली की नाना झोपले.

घरी आल्यावर जीप डावीकडे कलून उभी राहिली. खाली वाकून बघितलं तर ट्रकचा जाड पाटा जसाच्या तसा, आणि त्याच्या शेजारचा मूळ पाटा मधून कडकन मोडलेला. ताठ माणसाच्या शेजाऱ्याचं हेच होतं. आबा उठले, हात पुसले. मूळचा पाटा लावला की काम होईल; तोच मापाचा, तोच कमानीचा, या गाडीसाठीच घडलेला. शेडाबाहेर टेकवून ठेवलेला.

“अगं, इथे दोन पाटे होते.”

काकू स्वयंपाकघरात वांगी चिरत होत्या. त्यांनी चिरणं थांबवलं नाही.

“एकाचे कोयते झाले, त्यातूनच एक कुऱ्हाड.”

“आणि दुसरा?”

काकूंनी वांग्याचा देठ उडवला. विळी अशी चालत होती की आवाज येत नव्हता. आबांनी तिच्या पात्याकडे बघितलं. मग तिच्या कमानीकडे. मग बोटांनी हवेत माप घेतलं.

“भाजी होऊ द्या,” काकू म्हणाल्या. “मग घाला गाडीखाली. पण रात्री कांदा कशाने चिरायचा ते आत्ताच सांगून ठेवा.”